जुन्या गाडीची बाहेरची ट्रिम घरी कशी सुधारायची: काळं प्लास्टिक, रबर आणि क्रोम

जुनी गाडी म्हातारी दिसते ती बहुतेक वेळा मुख्य रंगामुळे नाही. बंपरखालचं काळं प्लास्टिक राखाडी पडलेलं असतं, चाकांवरच्या कमानी पांढुरक्या झालेल्या असतात, काचेखालची रबरपट्टी टोकाला वर वळलेली असते आणि दारावरच्या चकचकीत पट्टीवर तपकिरी ठिपके उठलेले असतात. यातलं बरंचसं घरी, साध्या हत्यारांनी, सुट्टीच्या दोन दिवसांत सुधारता येतं. फक्त वर काय लावायचं हा प्रश्न शेवटी विचारा. आधी तो भाग कशाचा बनलाय ते पाहा, मग तो खरोखर स्वच्छ करा. बिघडलेली कामं याच दोन पायऱ्या गाळल्यामुळे बिघडतात. दोष बाटलीचा क्वचितच असतो.

## 1. आधी ओळखा: हे नक्की आहे कशाचं?

लांबून सगळ्याच काळ्या पट्ट्या सारख्या दिसतात, पण एकीचं औषध दुसरीला मारक ठरतं.

दाणेदार, न रंगवलेलं प्लास्टिक. बंपरचा खालचा भाग, चाकांच्या कमानी, दारांखालचं क्लॅडिंग (संरक्षक आवरण), वायपरखालचं झाकण. हे बहुधा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी असतं. लवचीकपणासाठी त्यात रबर आणि ताठपणासाठी टाल्क मिसळलेलं असतं, काळेपणा कार्बन ब्लॅकचा. उन्हातले अतिनील किरण पृष्ठभागावरच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात, वरचा थर ठिसूळ होतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरतो. म्हणून ते पांढुरकं दिसतं. आतलं प्लास्टिक काळंच असतं, वरचा पातळ थर तेवढा मेलेला असतो.

आरशांची घरं, समोरची जाळी, दारांच्या मुठी. ही बहुतेक एबीएस किंवा त्याच्या जवळच्या प्लास्टिकची असतात. ती पीपीपेक्षा कडक असतात आणि थिनर किंवा ॲसिटोन लागलं की विरघळतात.

रबर. दारांभोवतीची आणि काचेखालची सीलं. आधुनिक गाड्यांत ती बहुधा ईपीडीएम रबराची असतात. काचेखालच्या पट्टीच्या आत पत्र्याचा गाभा असतो, हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

चमकदार पट्ट्या. प्लास्टिकवर क्रोमचा मुलामा, लोखंडावर क्रोमचा मुलामा, स्टेनलेस स्टील किंवा ॲनोडाइझ केलेलं (वर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवलेलं) ॲल्युमिनियम, यांपैकी काहीही.

काळी खिडकीचौकट. हा कधी पत्र्यावरचा रंग असतो, कधी चिकटवलेली विनाइलची टेप. कडेला नखाने हलकेच खरवडून पाहा, टेप असेल तर कड हाताला लागते.

प्लास्टिक ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे भागाच्या मागच्या बाजूला कोरलेली खूण. दोन कोनी कंसांच्या मध्ये रोमन अक्षरांत पीपी, एबीएस असं लिहिलेलं असतं. खूण सापडली नाही तर मागच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने ॲसिटोनचा थेंब लावा. एबीएस चिकट होतं, पीपीला काही होत नाही. तुकडा पाण्यात तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस, ही परीक्षा पुष्कळ जण सांगतात. निखळ पीपी तरंगतं हे खरं, पण त्यात टाल्क भरपूर असेल तर तेही बुडतं. तेव्हा त्यावर विसंबू नका.

चमकदार पट्टीला चुंबक लावून पाहतात, तिथेही सापळा आहे. चुंबक चिकटलं म्हणजे लोखंडच असं नाही, ट्रिमसाठी वापरलेल्या स्टेनलेसचे काही प्रकारही चुंबकाला चिकटतात. मागची बाजू पाहा. स्टेनलेस दोन्हीकडून सारखंच असतं, मुलामा दिलेल्या लोखंडाची पाठ मळकट किंवा गंजलेली असते. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, ते हलकं असतं आणि त्यावर तपकिरी गंजाऐवजी पांढरी भुकटी येते.

## 2. कुठपर्यंत जायचं ते आत्ताच ठरवा

काळ्या प्लास्टिकसाठी चार पायऱ्या आहेत. साधं ड्रेसिंग, म्हणजे वरून पुसायचं काळेपणा आणणारं द्रव, काही आठवडे टिकतं. रंगद्रव्य असलेलं ट्रिम रिस्टोरर काही महिने. सिरॅमिक ट्रिम कोटिंग चांगल्या तयारीवर वर्षभर किंवा जास्त. आणि रंग काही वर्षं. तळाच्या पायरीवर भागत असेल तर वर चढू नका. रंग दिला की परतीचा रस्ता नाही: दगड उडून टवका गेला तर पुन्हा रंगच द्यावा लागतो, आणि मूळ दाणेदार पोत प्रत्येक हातागणिक थोडा बुजतो.

निवड करायला एक सोपी चाचणी आहे. भाग धुऊन तो ओला असताना पाहा. ओला झाल्यावर एकसारखा गडद काळा दिसत असेल, तर भेगा भरल्या की काम होईल, कोटिंग पुरेसं आहे. ओला असूनही करडे पट्टे आणि डाग दिसत राहिले, तर रंगद्रव्य असलेलं रिस्टोरर किंवा रंगच लागेल.

हा निर्णय आधी घ्यायचं कारण सिलिकॉन आहे. बहुतेक ड्रेसिंगांत सिलिकॉन तेल असतं. ते दाण्यांत मुरतं आणि त्यावर नंतर कोटिंग धरत नाही, रंग तर फाटतो. "आत्ता ड्रेसिंग मारू, नाही जमलं तर रंगवू" हा क्रम उलटा आहे.

काही गोष्टी सुधारत नाहीत. बोटाने दाबल्यावर तडकणारं प्लास्टिक, पोपडे सुटलेलं प्लास्टिकवरचं क्रोम आणि आतला पत्रा गंजून फुगलेली काचेखालची पट्टी, यांसाठी नवा भाग घ्या. त्यांच्यावर घातलेला वेळ फुकट जातो.

## 3. सामान

सगळ्यांसाठी: पीएच-तटस्थ कार शॅम्पू, ऑल-पर्पज क्लीनर, मऊ आणि मध्यम नायलॉनचे ब्रश, जुना टूथब्रश, निदान दहा मायक्रोफायबर फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइल हातमोजे, हेअर ड्रायर.

भाग काढायचे असतील तर: ट्रिम उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, स्क्रूड्रायव्हर आणि सॉकेटचा संच, मासेमारीची नायलॉन दोरी, नव्या क्लिपा आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी ॲक्रिलिक फोम टेप.

रंगवायचं असेल तर: सिलिकॉन आणि ग्रीस काढणारं द्रव, लाल आणि करडे घासण्याचे पॅड, पीपीसाठी ॲधीजन प्रमोटर (रंग चिकटावा म्हणून आधी मारायचा थर), ट्रिम पेंटचे डबे, गाड्यांच्या कामाची मास्किंग टेप, प्लास्टिक फिल्म आणि सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क. धुळीसाठीचा कागदी मास्क द्रावकांची वाफ अडवत नाही.

अंदाज: कोटिंगची 30 मिलीची बाटली मध्यम गाडीच्या काळ्या ट्रिमला साधारण पुरते. रंगाचे तीन हात द्यायचे तर एक चौरस मीटरला 400 मिलीचे दोन डबे धरा. एक जास्तीचा ठेवा, कारण अर्ध्यात संपून दुसऱ्या उत्पादनखेपेचा डबा आणला की छटा जुळेलच असं नाही.

## 4. साफसफाई: अर्ध्याहून जास्त काम इथेच आहे

सावलीत, गाडीचा पत्रा हाताला गार लागत असताना सुरुवात करा. उन्हात क्लीनर वाळतो आणि त्याचेच डाग पडतात.

आधी गाडी नेहमीसारखी धुवा. नंतर ऑल-पर्पज क्लीनर पातळ करा: साधारण मळासाठी एक भाग क्लीनर आणि दहा भाग पाणी, फार मळलेल्या दाणेदार प्लास्टिकसाठी एकास पाच. बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. एका वेळी अर्धा मीटर भागच घ्या. फवारा, अर्धा मिनिट थांबा, ब्रशने गोल गोल आणि मग आडवं-उभं घासा, वाळायच्या आत धुवा.

एकदा घासून पुरत नाही. फेस करडा किंवा तपकिरी येतोय तोवर परत करा. फेस पांढरा राहिला आणि पांढऱ्या फडक्यावर काळं-करडं उतरणं थांबलं की मग पुढे. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत मळ निघत राहणं अगदी नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका आणि कंटाळूही नका.

जुन्या पॉलिशचे पांढरे डाग. रंगाला पॉलिश करताना कंपाउंड किंवा वॅक्स शेजारच्या दाण्यांत शिरतं आणि वाळून खडूसारखं बसतं. नुसत्या साबणाने ते जात नाही, कारण त्यात मेण असतं. हेअर ड्रायरने तो भाग हाताला गरम लागेल इतका तापवा, मेण सैल होतं, लगेच क्लीनर आणि टूथब्रशने घासा. थोडेच डाग असतील तर साधा पांढरा खोडरबर छान काम करतो.

मेलामाइन स्पंज. दाणेदार प्लास्टिकवर हलक्या हाताने चालतो. पण तो बारीक पॉलिश पेपरच असतो, हे विसरू नका. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर किंवा गाडीच्या रंगावर फिरला तर धुरकट ओरखडे राहतात.

जुनं ड्रेसिंग. कोटिंग किंवा रंग द्यायचा असेल तर साबणानंतर सिलिकॉन-ग्रीस रिमूव्हर वापरा, आणि दोन फडक्यांनी. एकाने द्रव लावायचं, दुसऱ्या कोरड्याने ते उडून जायच्या आत पुसायचं. नुसतं लावून वाळू दिलं तर विरघळलेलं सिलिकॉन जागच्या जागी परत बसतं. दर थोड्या वेळाने फडक्याची घडी बदला. एबीएस भागांवर आधी मागच्या बाजूला तपासून घ्या.

शेवटची परीक्षा पाण्याची. भागावर स्वच्छ पाणी सोडा. पाण्याचा पापुद्रा एकसंध पसरून राहिला तर तवंग गेला. थेंब थेंब होऊन फाटला तर तेलकटपणा अजून आहे, पुन्हा घासा. न घासलेल्या गुळगुळीत पीपीवर पाणी तसंही नीट पसरत नाही. म्हणून ही परीक्षा दाणेदार किंवा पॅडने घासून झालेल्या भागावर घ्या.

मग वाळू द्या. दाण्यांत, जोडांत आणि क्लिपांमागे पाणी अडकून राहतं आणि काम चालू असताना नेमकं ओघळतं. हेअर ड्रायरने फटी फुंकून काढा, आणि रंगवायचं असेल तर रात्रभर थांबाच.

## 5. काढायचं की जागेवरच ठेवायचं?

कोटिंगसाठी भाग काढायची गरज नाही, शेजारच्या रंगाला मास्किंग टेप लावली की झालं. रंगवायचं असेल तर सहज निघणारा भाग काढावाच, कडा नीट झाकल्या जातात आणि गाडीवर फवारा उडत नाही.

जुन्या गाडीत क्लिपा तुटणारच. वर्षानुवर्षं तापून त्या ठिसूळ झालेल्या असतात. आधीच नव्या आणून ठेवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ घाला. दोन क्लिपांच्या मध्ये जोर लावला तर क्लिप निघत नाही, ट्रिम वाकते. भाग थंड असताना ओढू नका, हेअर ड्रायरने कोमट करून घ्या.

चिकटवलेल्या पट्ट्या कधीही ओढून काढू नका. ड्रायरने हाताला चटका बसेल-न बसेल इतकं तापवा, मागून नायलॉन दोरी घाला आणि करवतीसारखी पुढे-मागे ओढत फोम कापा. उरलेला चिकटा गरम करून अंगठ्याने रगडून काढा, राहिलेलं व्हाइट स्पिरिटने पुसा.

काचेखालची पट्टी काढताना काच पूर्ण खाली घ्या. दाराच्या कडेला एखादा लपलेला स्क्रू असतो, तो आधी शोधा. पट्टी दर दहा सेंटिमीटरवर थोडी थोडी, सरळ वर उचला. एका टोकाने ओढली तर आतला पत्रा मुडपतो, आणि मुडपलेली पट्टी पुन्हा सरळ बसत नाही.

वायपरखालचं झाकण काढायचं तर वायपरच्या दांड्यांची जागा काचेवर टेपने खुणावून ठेवा. नट काढल्यावरही दांडी दातेरी खुंटीवर घट्ट बसलेली असते. ती पट्टीने उचकटू नका, दोन पायांचा छोटा पुलर (दांडी ओढून काढायचं हत्यार) लावा. झाकण निघालेलंच आहे तर खालच्या पन्हाळीतला पालापाचोळा काढा आणि पाणी जायची भोकं मोकळी आहेत का पाहा. ती तुंबली की पाणी केबिनमध्ये येतं आणि पत्रा आतून गंजतो.

## 6. रिस्टोरर आणि कोटिंग

शेजारच्या रंगाला टेप लावा. कोटिंग रंगावर सांडून वाळलं तर पॉलिश करूनच काढावं लागतं.

भाग 50 टक्के अल्कोहोल आणि 50 टक्के पाणी यांनी पुसून कोरडा करा. स्पंजच्या ॲप्लिकेटरवर सुरुवातीला आठ-दहा थेंब घ्या, मग प्रत्येक नव्या भागाला चार-पाच पुरतात. 30-40 सेंटिमीटरचा भाग घ्या, आडवं आणि मग उभं लावा, दाण्यांच्या खोलात जाईल असं. बाटलीवर सांगितलेला वेळ झाला की, तो बहुतेक एक ते तीन मिनिटांचा असतो, स्वच्छ फडक्याने हलकेच पुसून सारखं करा. ही पुसण्याची पायरी विसरली तर जिथे द्रव जास्त बसलं तिथे चकचकीत पट्टे राहतात, आणि ते उन्हात लांबून दिसतात. दुसरा हात साधारण तासाभराने. त्यानंतर निदान 12 ते 24 तास पाणी लागू देऊ नका.

फार कोरडं झालेलं प्लास्टिक पहिला हात पिऊन टाकतं आणि डागाळ दिसतं. घाबरून तिथेच भरमसाट ओतू नका, पूर्ण भागाला दुसरा पातळ हात द्या.

हीट गनबद्दल. गरम हवेने राखाडी पीपी डोळ्यांदेखत काळं होतं, कारण वरचा भेगाळलेला थर मऊ होऊन पुन्हा बसतो. पण त्याने संरक्षण काहीच मिळत नाही, ऊन पुन्हा तेच करतं, आणि हा प्रयोग एखाद-दुसऱ्या वेळेपलीकडे जमत नाही. पीपी साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतं आणि हीट गन त्याच्या कितीतरी पुढे जाते. करायचंच असेल तर भाग गाडीवरून काढून, गन सतत हलती ठेवून, रंग बदलताक्षणी पुढे सरका. चकाकी दिसली म्हणजे दाणे वितळले, ते परत येत नाहीत. एबीएस, रबर, क्रोम किंवा काचेजवळच्या भागांवर हीट गन नको. काच एका जागी तापली तर तडकते. दिसायला चमत्कार असला तरी नवख्यांनी हा उपाय वगळावा.

## 7. रंगवणं

पीपीच्या पृष्ठभागाची ऊर्जा कमी असते, साध्या भाषेत, त्याला काहीच चिकटायला आवडत नाही. ॲधीजन प्रमोटर न मारता दिलेला रंग आठवडाभर सुरेख दिसतो आणि मग नखाने सोलून निघतो.

घासणं. दाणेदार भागावर लाल पॅड, गुळगुळीत भागावर करडा. दाणेदार पोतावर पॉलिश पेपर चालवू नका, दाण्यांची टोकं सपाट होतात आणि रंगाखालून चकचकीत ठिपके दिसतात. खोल ओरखडा असेल तिथे मात्र 240 आणि मग 400 नंबरचा पेपर लागेल. पीपी मऊ असल्याने कोरडं आणि जोरात घासलं की त्याला केसांसारखे तंतू सुटतात, म्हणून पाणी लावून, हलक्या हाताने. घासून झाल्यावर पुन्हा धुवा, वाळवा, ग्रीस रिमूव्हरने पुसा, आणि यानंतर उघड्या बोटांनी शिवू नका.

हवामान. 15 ते 30 अंश तापमान आणि कोरडी हवा. दमट हवेत रंगावर दुधाळ छटा येते. वारा नको, पण बंद खोलीही नको. जवळ ज्योत किंवा ठिणगी अजिबात नको. डबा थंड असेल तर कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवा, गरम पाण्यात नको: 50 अंशांवर तापलेला डबा फुटू शकतो. आतली गोळी वाजू लागल्यावर पूर्ण दोन मिनिटं हलवा.

प्रमोटर. फक्त पीपीला. दोन अगदी पातळ हात, मध्ये पाच-दहा मिनिटं. तो पारदर्शक असतो, दिसत नाही म्हणून लोक जाड मारतात आणि ओघळ येतात. किती वेळात वरचा रंग द्यायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं. ती मुदत उलटली तर पुन्हा प्रमोटर मारा. एबीएससाठी प्लास्टिक प्रायमर पुरतो.

रंग. आधी पुठ्ठ्यावर मारून पाहा. डबा 20 ते 25 सेंटिमीटर लांब धरा. फवारा भागाच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा, मनगट वळवू नका, हात समांतर सरकवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. पहिला हात इतका विरळ असावा की खालचं प्लास्टिक दिसत राहील. दहा मिनिटांनी दुसरा, आणखी दहाने तिसरा. काळ्या ट्रिमसाठी सॅटिन छटा घ्या. पूर्ण मॅट मळकट दिसतं आणि चकचकीत रंगात पोताचे दोष उठून दिसतात. शंका असेल तर गाडीचा सावलीत राहिलेला, न विटलेला भाग शोधून त्याच्याशी जुळवा.

रंग पडताच माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उघडले, तर ते सिलिकॉन आहे. त्यावर आणखी रंग मारून ते बुजत नाहीत, वाढतात. थांबा, पूर्ण वाळू द्या, घासा, ग्रीस रिमूव्हरने दोनदा पुसा आणि पुन्हा सुरुवात करा. ओघळ आला तरी तेच: ओल्यावर बोट लावू नका.

मास्किंग टेप शेवटच्या हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, रंग किंचित मऊ असताना, स्वतःवर मागे दुमडत काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कडेचा रंग टेपबरोबर फाटतो. तासाभरात बोटाला लागत नाही म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. भाग बसवायला 24 तास थांबा, साबण आणि ब्रशसाठी आठवडाभर.

बंपरमध्ये पार्किंग सेन्सर असतील तर ते काढून किंवा झाकून ठेवा. त्यांच्या तोंडावर रंगाचा जाड थर बसला की ते चुकीची अंतरं दाखवतात.

## 8. रबर

रबर रंगवू नये. ते सतत वाकतं, रंग वाकत नाही. सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवा, काळं उतरायचं थांबेपर्यंत पुसा, मग शुद्ध सिलिकॉन ग्रीस किंवा ग्लिसरीन अगदी पातळ लावून जास्तीचं पुसून घ्या.

इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, पेट्रोलियम जेली यांपैकी काहीही रबराला लावू नका. पहिल्या दिवशी रबर नव्यासारखं काळं दिसतं. पण ईपीडीएमला खनिज तेल सोसत नाही: ते फुगतं, लिबलिबीत होतं, आकार सोडतं आणि दारातून पाणी झिरपू लागतं. ही सगळ्यात जास्त पसरलेली आणि सगळ्यात महाग पडणारी युक्ती आहे.

काचेखालच्या पट्टीची काचेकडची बाजू मखमलीसारखी असते, तिला काहीही लावू नका. काच खाली-वर झाली की तेलकट पट्टे उमटतात. वर वळलेलं टोक ड्रायरने गरम करून, टेपने दाबून रात्रभर ठेवल्यावर कधी कधी बसतं. आखडून लांबीच कमी झाली असेल तर बसत नाही.

## 9. चमकदार पट्ट्या

लोखंडावरचं क्रोम. क्रोमचा थर फार पातळ असतो आणि त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून खालचा गंज वर येतो. म्हणून गंज ठिपक्यांसारखा दिसतो. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि ठिपके निघतात. मग धुवा, पूर्ण वाळवा, वॅक्स लावा. छिद्रं तशीच राहतात, त्यामुळे वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी लावावं लागेल. फोड येऊन मुलामा उचलला असेल तर हा उपाय चालणार नाही.

प्लास्टिकवरचं क्रोम. फक्त साबण, मऊ फडकं आणि क्रोमसाठीची सौम्य क्रीम. पोपडे आलेल्या जागी पॉलिश करू नका, कडा आणखी उचलतात. त्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असतात, हातमोजे घाला. नवा भाग मिळत नसेल तर सुटलेले पोपडे काढून, कड घासून सपाट करून त्यावर काळं सॅटिन विनाइल चढवता येतं.

स्टेनलेस. हे सगळ्यात समाधान देणारं काम. वरून काही मुलामा नसतो, आरपार तोच धातू. ओरखडे 600 पासून 800, 1000, 1500, 2000 असे पाण्यात घासत जा, प्रत्येक नंबरला दिशा बदला म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. शेवटी मेटल पॉलिश. स्टील वूल (लोखंडी तारांचा काथ्या) वापरू नका, त्याचे कण रुतून काही दिवसांत गंजतात आणि स्टेनलेसच गंजल्यासारखं दिसतं.

ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम. त्यावरचे दुधाळ, ढगाळ डाग बहुतेक वेळा अल्कधर्मी क्लीनरने पडलेले असतात. चिकट काळा मळ काढणारे कडक क्लीनर किंवा कॉस्टिक असलेलं काहीही याला लावू नका, ॲनोडाइझचा थरच विरघळतो. एकदा तो थर गेला की पॉलिशने चमक येते, पण टिकत नाही. चाकांसाठीचे ॲसिड क्लीनर तर कुठल्याच चमकदार पट्टीवर नकोत.

## 10. पुन्हा बसवणं

जुन्या टेपवर नवी टेप चिकटवू नका. दोन्ही पृष्ठभाग निम्म्या अल्कोहोल-पाण्याने पुसा. पट्टी काढण्याआधी गाडीवर मास्किंग टेपने तिची रेघ आखून ठेवली नसेल तर आता दुसऱ्या बाजूच्या दारावरून माप घ्या, कारण ॲक्रिलिक फोम टेप टेकली की सरकवता येत नाही. फोम टेपची रुंदी पट्टीच्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवा, म्हणजे ती कडेने दिसणार नाही.

पत्रा 20 अंशांच्या आसपास किंवा थोडा जास्त गरम हवा. थंडीत ड्रायरने कोमट करा. बसवल्यावर प्रत्येक इंच अंगठ्याने जोरात दाबा, या टेपची पकड दाबानेच बनते. पहिल्या दिवशी ती बरीच धरते, पण पूर्ण ताकद यायला साधारण 72 तास लागतात. तोवर गाडी धुऊ नका.

## 11. नंतर

कोटिंग केलेल्या भागांना पीएच-तटस्थ शॅम्पूच लावा, कडक क्लीनर कोटिंग उतरवतात. प्रेशर वॉशरचं तोंड चिकटवलेल्या पट्ट्यांच्या कडेवर रोखू नका. पुढच्या वेळी गाडीला पॉलिश करण्याआधी सगळ्या दाणेदार प्लास्टिकला टेप लावा. त्या दहा मिनिटांत खडूसारखे पांढरे डाग परत येण्याचा प्रश्नच मिटतो. कोटिंग अजून शाबूत आहे का ते धुताना कळतं: पाणी थेंबांनी घरंगळत असेल तर आहे, चादरीसारखं पसरून बसत असेल तर अल्कोहोलने पुसून नवा हात द्यायची वेळ आली.